आधी जुना दाखवा

नेरच्या बाजारात गावंडे काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे नवा स्क्रू हवा असेल तर आधी जुना दाखवावा लागतो. "नमुना आणला का?" हा काकांचा पहिला प्रश्न. "मंग कायले आला?" हा दुसरा.

मी त्यांचा शेजारी. एकदा बिजागरी मागितली. दारच नवं होतं, जुनी बिजागरी आणणार कुठून? काका म्हणाले, "मंग दार आण." मी हातगाडीवर दार नेलं.

बदलून आलेल्या एका गुरुजींनी पाटीवर 'हार्डवेअर' वाचून कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मागितली. काकांनी नाही म्हटलं नाही. "जुनी आणा, पाहून घेऊ." गुरुजींनी खरंच आणली. काकांनी ती उलटीपालटी केली आणि तिला बसणारे चार बारीक स्क्रू दिले. "बाकीचं अमरावतीले भेटन."

मग काकू अंगणात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, प्लेट आणि स्क्रू टाकावे लागतील. चालता येईल की नाही, ते नंतरच कळेल.

"डॉक्टरसाहेब, नमुना पाहू द्या," काका म्हणाले.

डॉक्टरांनी दाखवला. काकांनी स्क्रू तळहातावर घेतला. मापाबद्दल एक शब्द काढला नाही.

"गंजणार तं नाही ना जी?"

"नाही."

"बाई लय चालते आमची. म्हून इचारलं."

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या, पण खाट सोडेनात. "मले भेव लागते," म्हणायच्या. काकांनी दुकान बंद ठेवलं आणि खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला धरायला लोखंडी पाइप ठोकला. तिथे थांबले नाहीत. दुसरा पाइप दारातून, ओसरीवरून, थेट फाटकापर्यंत नेला.

"फाटकापर्यंत कायले, काका?"

"संध्याकाळी तिथं बाया बसतेत. घरात बोलन कोणाशी? माह्याशी?"

त्याच संध्याकाळी काकूंनी पाइप धरला. काका शेजारून चालले. अंगाला हात लावला नाही, फक्त वीतभर दूर धरून ठेवला. ओसरीच्या पायरीशी काकू थांबल्या.

"सरका ना तिकडं! रस्ता अडवून राह्यले."

काका सरकले. काकू उतरल्या, फाटकाजवळच्या बाकावर टेकल्या, आणि बायांचा कलकलाट सुरू झाला. त्यात काकूंचा आवाज सगळ्यांत मोठा.

काका ओसरीवर बसून ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"उठव रे बापू. पायच गेले माह्ये."