रत्नाताई जोडून देतात

आमच्या समोरच्या दारातल्या रत्नाताई गावडे दुसऱ्याचा वाजणारा फोन उचलतात. मुद्दाम नाही, हातच जातो. एकदा दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवरचा मोबाइल वाजायला लागला. गृहस्थ पेपरात डोकं घालून होते. रत्नाताईंनी थोडी वाट पाहिली, मग राहवलं नाही. फोन उचलून "नमस्कार, कोण हवंय आपल्याला?" असं विचारलं, पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन त्या गृहस्थांच्या हातात देत म्हणाल्या, "तुमच्या मिसेस आहेत. जरा चिडल्यात."

त्या मिसेस नंतर जास्त चिडल्या असणार, पण ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

रत्नाताईंनी मरोळच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत रिसेप्शनवर उभं आयुष्य काढलं. कुडाळहून मामाकडे म्हणून आल्या, त्या खुर्चीवर बसल्या आणि टेलिफोनच्या बोर्डावरच्या लायनी जोडता जोडता पन्नाशी कधी ओलांडली ते त्यांनाही कळलं नाही. लग्न केलं नाही. आई होती, ती गेली. मग कंपनीने कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि ऑफिस एका काचेच्या इमारतीत नेलं. तिथे दारात माणसाच्या जागी एक स्क्रीन उभा केला. रत्नाताई तो बघून आल्या.

"नाव टाइप करा म्हणतो," त्या म्हणाल्या. "पाणी विचारत नाही."

घरी बसणं त्यांना जमेना. इतकी वर्षं एका जागी बसलेली बाई आता एका जागी थांबेना. सकाळी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चालायच्या, मग जिना चढून गच्चीवर, तिथून खाली वॉचमनच्या खुर्चीपर्यंत, परत वर. आमची बेल वाजवून "काही नाही, सहज" म्हणायच्या आणि मी दार लावायच्या आत दुसऱ्या मजल्यावर पोचलेल्या असायच्या. नोकरीसाठी फिरल्या, पण पन्नाशीपुढची रिसेप्शनिस्ट कोणाला नको होती.

मी एका कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात आहे. नोकऱ्या ओळखीतून मिळतात आणि ओळखी आता ऑनलाइन होतात, हे मी लोकांना अधूनमधून भाषणातही सांगतो. तेच रत्नाताईंना सांगितलं. नोकरीधंद्यातल्या माणसांची जी साइट आहे, तिच्यावर त्यांचं खातं काढून दिलं. फोटो लावला. फोटोभोवती 'काम हवंय' असं सांगणारी हिरवी पट्टी लावायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ती काढ. जागा भाड्याने देणे आहे, अशी पाटी लावल्यासारखं दिसतंय."

साइटवर 'या व्यक्तींना तुम्ही ओळखत असाल' असं यायचं. त्याचा रत्नाताईंनी स्वतःवरचा ठपका असा अर्थ घेतला. "ओळखत असाल म्हणतायत. म्हणजे मीच विसरले असेन. न विचारणं बरं दिसत नाही." मग त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहायच्या. 'आपण मरोळला कधी आला होतात का? आपल्याला बिनसाखरेचा चहा लागायचा, ते आपणच का?' गंमत म्हणजे पुष्कळदा ते तेच असायचे. कोणी 'मला सांगायला अत्यंत आनंद होतो की' असं लिहून बढती जाहीर केली की बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होत. रत्नाताई विचारायच्या, 'आनंद झाला. आता घर लांब पडणार का?' आणि मोठमोठे व्हाइस प्रेसिडेंट त्यांना सविस्तर उत्तर द्यायचे, की हो, ठाण्याहून फार लांब पडतं, बायकोही कुरकुर करते.

जो उत्तर देत नसे, त्याला त्यांचा टेलिफोनच्या बोर्डावरचा एक शब्द होता, 'डेड लाइन'. माझ्या खात्यावर हजारो माणसं आहेत असं मी जरा ऐटीत सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यातल्या बोलतात किती?" मी विषय बदलला.

"असं चालत नाही, रत्नाताई," मी शिकवायचो. "आपल्या क्षेत्रातली माणसं निवडायची. उपयोगाची. त्यांच्या नजरेसमोर राहायचं."

"माझं क्षेत्र कुठलं?"

मी साइटवरची क्षेत्रांची यादी उघडली. तोवर त्या गच्चीकडे निघाल्या होत्या.

त्यांच्या सगळ्या लायनींत एकीने मात्र त्यांची झोप उडवली. कोटणीस नावाचे एक गृहस्थ. बेअरिंग विकायचे. मरोळच्या ऑफिसात कायम येऊन रिसेप्शनवर ताटकळत बसायचे, कारण तिथले साहेब विक्रेत्यांना ताटकळत ठेवायचे. कोटणीसांनी रत्नाताईंची विनंती स्वीकारली आणि नंतर एक अक्षर नाही. रत्नाताईंनी लिहिलं, 'आपण कनेक्ट झालो आहोत. कृपया बोलावे.' काही नाही. सणाच्या शुभेच्छा पाठवल्या. काही नाही. त्या पॅसेजमध्ये फोन हातात घेऊन चालायच्या, मधेच थांबून बघायच्या, परत चालायच्या. अस्वस्थ झाल्या की त्यांची मालवणी वर येते.

"हो माणूस गप रवणारो नाय," त्या मला दारातच म्हणाल्या. "काहीतरी झालंय."

"लोक बिझी असतात, रत्नाताई."

"बोलायला बिझी? कोटणीस?"

त्यांनी कोटणीसांना ओळखणाऱ्या एकेकाला विचारायला सुरुवात केली. कोणाला काही माहीत नव्हतं. सगळे त्यांच्याशी 'जोडलेले' होते, गेल्या वर्षी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या होत्या. शेवटी घाटकोपरच्या एका वर्कशॉपमधल्या स्टोअरकीपरने कळवलं, की कोटणीस मुलुंडला राहतात, त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला म्हणे. त्याच्याकडे पत्ता होता.

रविवारी त्या मला घेऊनच निघाल्या. बोरिवलीहून मुलुंडला रिक्षाने जायचं म्हणजे पाठीची वाट लागते. पण सगळ्या रस्त्यात त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे जास्त अवघड होतं.

दार कोटणीसांच्या बायकोने उघडलं. रत्नाताईंकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मरोळच्या का?"

आत कोटणीस खिडकीशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. रत्नाताईंना बघून त्यांचा चेहरा अर्धा हसला, कारण अर्धाच हसू शकत होता. वाचा गेली होती. ऐकू येत होतं, कळत होतं, शब्द तेवढा निघत नव्हता.

"तुमची विनंती आली ना, तेव्हा त्यांनी फोटोवर बोट ठेवलं," कोटणीसबाई सांगत होत्या. "म्हणून मी होचं बटण दाबलं. तुमचे मेसेज त्यांना वाचून दाखवते मी. उत्तर काय द्यायचं ते त्यांना सांगता येत नाही आणि मला सुचत नाही. सुरुवातीला नातेवाईक, शेजारी खूप यायचे. आता बोलायचं काय, म्हणून येत नाहीत."

रत्नाताईंनी एक स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना नीट बसलेलं पाहिलं. मग त्यांनी मरोळच्या बातम्या सुरू केल्या. कँटीनवाला गोरेगावला गेला, साहेबांचे केस गेले, तो खडूस अकाउंटंट आता ऑनलाइन प्रेरणादायी विचार लिहितो. कोटणीसांच्या घशातून एक आवाज आला. कोटणीसबाई दचकल्या. "हसतायत," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून चहा करायला आत गेल्या.

परत आल्यावर रत्नाताईंनी साइटवर लिहायचं ठरवलं. मी म्हटलं, मी दुरुस्त करून देतो. मी चार चांगली इंग्रजी वाक्यं बसवली, शेवटी प्रेरणा वगैरे आणली. त्यांनी ते सगळं पुसलं आणि लिहिलं: 'बेअरिंगवाले कोटणीस मुलुंडला घरी आहेत. त्यांना बोलता येत नाही, ऐकता येतं. ज्यांच्याशी ते कधी बोलले असतील त्यांनी येऊन बोलून जावं. येण्याआधी मला विचारावं.'

"असल्या पोस्टने कोणी येत नाही," मी म्हटलं. मी त्यातला जाणकार.

लोक आले. एकदम नाही. एका रविवारी घाटकोपरचा स्टोअरकीपर आला. पुढच्या वेळी दोन निवृत्त फोरमन आले आणि कोटणीसांसमोर एका जुन्या बेअरिंगवरून भांडले. कोटणीस डावा हात हलवून हलवून एकाचीच बाजू घेत होते. दारात रत्नाताई. कोण आधी आत जाणार, कोणी किती वेळ बसायचं, कोटणीसांचा चेहरा थकला की कोणाला उठवायचं, सगळं त्यांच्याकडे. एका जाड्या उद्योगपतीला त्यांनी जिन्यात थांबवून ठेवलं. तो निमूट थांबला.

त्यात एकदा देवयानी शहा नावाच्या बाई आल्या. गोरेगावला त्यांचा हॉस्पिटलच्या खाटा बनवायचा कारखाना आहे. नोकरीच्या पहिल्या दिवसांत, खरेदी खात्यात, बेअरिंग फिरवून कानाला लावून कसं पारखायचं ते त्यांना कोटणीसांनी शिकवलं होतं. त्या कोटणीसांजवळ बसल्या, पण त्यांचं लक्ष दाराकडेही होतं. निघताना त्यांनी रत्नाताईंना विचारलं, "तुम्ही कुठे काम करता?"

"सध्या कुठे नाही."

"आमच्या खाटा ज्या घरांत जातात, तिथे सगळे घाबरलेले असतात. फोन करतात आणि आमची पोरं त्यांना तक्रारीचा नंबर सांगतात. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

कोणीही हे काम लगेच हो म्हणून घेतलं असतं. रत्नाताई म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी मी येणार नाही. गुरुवारी कोटणीसबाई बँकेत, बाजारात जातात. मी इथे असते."

देवयानीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल."

कामाला लागायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. साइटवरचं त्यांचं पद बदलून द्यायचं होतं. त्या स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत, अशा चालल्याच होत्या. मी सहज विचारलं, "एवढ्या माणसांत कोटणीसच का हो? बाकीच्या डेड लायनी तुम्ही सोडून दिल्यात की."

त्या खिडकीशी थांबल्या.

"कंपनी हलली ना मरोळहून, त्या शेवटच्या दिवशी सगळे आपापल्या गाडीने गेले. सामान आधीच गेलेलं. मला कोणी निघा असं म्हटलंच नाही, म्हणून मी बसून होते. बोर्डाची वायर काढलेली. तेवढ्यात कोटणीस आले. मी सवयीने विचारलं, कोणाला भेटायचंय? साहेब गेले, सगळे गेले. ते म्हणाले, माहीत आहे, तुम्हालाच भेटायला आलो."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"एवढी वर्षं त्या दारातून माणसं आली, महेश. माझ्याकडे म्हणून कोणी आलं नव्हतं. मला काय बोलायचं ते कळेना. बसा म्हणायचंही सुचलं नाही. ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले."

"मग आता बोललात का?"

"बोलते ना," रत्नाताई म्हणाल्या. "दर गुरुवारी. थोडं थोडं."