दत्तूभैयांचं आरमार

दत्तूभैया पिंपळकरांच्या बैठकीत रविवारी पाऊल टाकलं की पहिली सूचना येते, "पाण्यात पाय नको." पाणी म्हणजे जमिनीवर अंथरलेली निळी चादर. तिच्यावर करंगळीएवढ्या युद्धनौका. स्वतः दत्तूभैयासुद्धा स्वयंपाकघरात जाताना भिंतीला पाठ घासत, किनाऱ्याकिनाऱ्याने जातात. रायपुरात समुद्र नाही, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. बूढ़ा तालाबात नावेत बसलं की त्यांना मळमळतं, हेसुद्धा नाही.

त्यांच्या आरमाराचा शत्रू मी. आमच्या अख्ख्या बूढ़ापारा मोहल्ल्यात माझ्याइतका रिकामा माणूस त्यांना सापडला नाही. खेळ असा: दोघांनी आपापल्या जहाजांची दिशा आणि वेग चिठ्ठीवर लिहायचा, जहाजं सरकवायची, मग नेम धरून आपल्या तोफेपासून शत्रूच्या जहाजापर्यंतचं अंतर रांगत रांगत फितीने मोजायचं. दत्तूभैया ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरतात आणि गोळा लागला की हुकला, ते कॉम्प्युटर सांगतो. तिथे वाद नाही. "मशीन कोनाची सगी नाही," असं ते अभिमानाने म्हणतात.

बावन्न वर्षांचा, ब्लडप्रेशरची गोळी घेणारा मी पोटावर पालथा पडून नेम धरायचो आणि बुडायचो. एकदा तर माझ्याच दोन जहाजांनी एकमेकांना धडक दिली. डावं-उजवं माझं शाळेपासून कच्चं. दत्तूभैयांनी माझ्या खलाशांसाठी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळलं. मलाही उभं केलं.

कितीतरी रविवार हरल्यावर मी वैतागलो. पुढच्या वेळेपासून येणार नाही, म्हटलं. हरायचंच आहे तर घरी हरा, असं बायकोचंही मत होतं. दत्तूभैया बराच वेळ फीत गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "एक रविवार अजून ये ना रे. तुया नेम आता बसून राहिला."

गेलो आणि जिंकलो! पुढच्या रविवारीही जिंकलो. त्यांची सगळ्यात मोठी नौका मी तळाला पाठवली. मग काय, पानठेल्यावर मी सागरी युद्धनीती समजावू लागलो. घरी वरण वाढून घेतानाही माझा चेहरा विजयी असायचा. "जमून राहिलं तुले," दत्तूभैया म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

गेल्या रविवारी डाव अर्ध्यावर असताना ते चहा करायला आत गेले. मी आपला पराक्रम वाचायला कॉम्प्युटरपाशी बसलो. प्रत्येक फेरीचे आकडे त्यात राहतात. माझा सर्वोत्तम गोळा सत्तर सेंटिमीटरवरून लागला होता. पण ते अंतर मीच मोजलं होतं. चांगलं एकशे सत्तर. मी मागे मागे जात पाहिलं. मी जिंकलेल्या प्रत्येक डावात माझी तोफ जवळ आणलेली, त्यांची दूर नेलेली.

आत ते कप विसळत होते. त्या घरात रविवार सोडला तर दुसरा कप लागत नाही.

चहा झाला. माझी पाळी आली. मी अंतर मोजून एकशे वीस सांगितलं. दत्तूभैयांचं बोट आकड्यांवर घुटमळलं.

"एकशे वीसच भरा, भैया," मी म्हटलं. "बुडलो तरी मी येतो पुढच्या रविवारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकेक आकडा दाबून भरला. गोळा हुकला, आणि पुढच्याच फेरीत माझं जहाज बुडालं. दत्तूभैयांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि विचारलं, पुढच्या रविवारी पोहे केले तर चालतील का.