मोटर बंद करायला फेटा

फोनला कुलूप घालायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी दुसऱ्याच दिवशी भर रानात बायकोनं मला फेटा बांधला!

त्याचं असं झालं. काल इंदापुरात साडूच्या पोराचं लग्न होतं. पंगतीत शेजारचा पाहुणा म्हणाला, "महिपतराव, फोनला लॉक न्हाय? आजकाल चोर खिशात हात घालत न्हायत, फोनात घालत्यात!"

माझी जिलेबी घशातच अडकली. आमची मोटर लांब पळसदेवला, उजनीच्या पाण्यावर. रानात बसून फोनवरनं ती चालू-बंद करायची. स्टार्टरमध्ये ज्याचा नंबर भरलाय, त्यानं कॉल केला की काम झालं. मी मंडपातच फोनला बोट दिलं, चेहरा दिला, वर पिन टाकला. आणि स्टार्टरमधनं माझा सोडून सगळ्यांचे नंबर उडवले. भावाचा, बायकोचासुद्धा. (सुरक्षेत नातीगोती बघायची नसतात.)

आज सकाळी पाईपचा जॉइंट निसटला, तो नेमका माझ्या बायकोच्या, मनिषाच्या कांद्याच्या रोपाशेजारी. ते रोप तिनं लेकरागत वाढवलेलं, चार दिवसांत लावणीला येणारं. पाणी थेट वाफ्यात घुसलं. मी पोतं दाबून जॉइंटवर आडवा पडलो.

"अहो, मोटर बंद करा! माझं रोप चाललं!"

"माझ्या खिशातला फोन काढ. तुझ्या फोनवरनं व्हायचं न्हाय."

"का?"

"तुझा नंबर उडवलाय."

तिनं खसकन माझ्या खिशातनं फोन ओढला. तिनं माझं बोट फोनला लावलं. बोट चिखलाचं, फोन ओळखीना. मग फोन माझ्या तोंडासमोर धरला. तरी ओळखीना.

"अगं, काल फेट्यात चेहरा दिला हुता!"

तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून डोक्याला गुंडाळला. "आता हसा जरा. काल पंगतीत लई हसत हुता." मी चिखलात पडून हसलो. फोन ढिम्म!

शेजारचे तात्याबा बांधावरनं ओरडले, "महिपती, कुणाचं लगीन हाय रं?"

लगीन! डोक्यात एकदम उजेड पडला. "मने, पिन टाक! आपल्या लग्नाची तारीख!"

काय सांगू, त्या गोंधळातही ती लाजली. मला तर तिथंच भरून आलं. तिनं हळूच आकडे दाबले.

"उघडंना वो."

"चौदा मे टाकलंस न्हवं?" मी गावाला ऐकू जाईल असा ओरडलो.

तिनं मान वर केली. "आपलं लगीन चोवीस मेला झालं. चौदा मेला तुमचा ट्रॅक्टर आला."

"मग... ट्रॅक्टरचीच टाक."

फोन उघडला, मोटर थांबली. दोन वाफे गेले, बाकीचं रोप वाचलं देवाच्या दयेनं.

दुपारपर्यंत माझा पिन अख्ख्या गावाला पाठ. टपरीवर चहा सांगायला गेलो तर टपरीवाला विशाल म्हणतो, "या चौदा मे, बसा!" घरी येऊन मी मुकाट सगळ्यांचे नंबर स्टार्टरमध्ये परत भरले, बायकोचा पहिला. फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "तूच टाक नवा पिन. मला काय त्यातलं कळत न्हाय."

तिनं भाकरीचं पीठ झटकून आकडे दाबले.

"कुठली तारीख टाकलीस?"

"माझ्या वाढदिवसाची," ती म्हणाली. "आता तुमच्यासकट कुणालाबी उघडायचा न्हाय."