पाहुण्यांसाठी राखलेली मेमरी

अख्ख्या मोताळ्यात कर्नल दुरुस्त करणारा मी एकटाच! कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. कुणाला किती मेमरी द्यायची ते तो ठरवतो, आणि अचानक काम वाढलं तर हाताशी असावी म्हणून थोडी राखूनही ठेवतो. ही राखीव कमी पडून आमच्या कंपनीच्या अवाढव्य मशीन अडकत होत्या. मी आकडा सरळ दोन जीबी करून टाकला. मशीन पळायला लागल्या!

छाती अशी फुगली की हात शिवशिवायला लागले. माझी बायको राखी ओसरीवर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. तिचा कॉम्प्युटर म्हातारा. तिला न विचारता त्यात माझं कर्नल घातलं. वर जागा वाचावी म्हणून जुनं पुसूनही टाकलं!

पडदा काळा झाला. 'मेमरी संपली' एवढंच उमटलं.

"अवो, काय करून ठेवलं हे!" राखी ओरडली.

शेजारची धम्मशीला रडकुंडीला आली. "दादा, नर्सिंगचा फॉर्म पाचले बंद होते! माहे सारे कागद याच्यातच हायेत!"

"दहा मिनिटांत करतो!" मी म्हणालो तेव्हा तीन वाजले होते. चार वाजेपर्यंत मी फक्त बटण चालू-बंद केलं.

पिठाच्या हातानं आई बाहेर आली. "काऊन रे भागवत, काय झालं?"

"आई, याच्यात मेमरी हाये दोन जीबी. मी राखून ठेवली दोन जीबी."

"कोनासाठी?"

"अचानक येईन त्याच्यासाठी."

"मंग घरच्यायनं काय हवा खावा?"

राखी फिसकन हसली. पाहुण्यांच्या म्हणून रोज भाकरी झाकून ठेवणाऱ्या आईला मीच चिडवत आलो होतो! "आई, तुमी किती ठेवता वो?" राखीनं विचारलं.

"पीठ पाहून. वीस झाल्या तं दोन, दहा झाल्या तं एक."

मी लॅपटॉपकडे धावलो. आकडा खोडून 'असेल त्याचा दहावा हिस्सा' लिहिलं. नवं कर्नल तयार होईस्तोवर माझा जीव टांगणीला! पेनड्राइव्हनं ते घातल्यावर पावणेपाचला कॉम्प्युटर सुरू झाला, पाचला दोन मिनिटं असताना फॉर्म गेला. धम्मशीलानं आईला मिठी मारली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या धंद्यात रिवाज आहे: कल्पना ज्याची, त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं. राखी पाठीमागे उभीच होती, सुटका नव्हती. आईचं नाव लिहून दुरुस्ती कंपनीला पाठवली, 'सुचवणारी: रुखमाबाई, मोताळा.'

सकाळी पुण्याहून साहेबांचं उत्तर आलं. "उत्तम! आजच्या मीटिंगला रुखमाबाईंना बसवा. तुम्ही नसलात तरी चालेल."

मीटिंग अकराला आहे. दळण आणायचं काम मला सांगितलंय.