सात हजार ब्याऐंशीवरची जागा

मीरसाहेब कुठंही बसण्याआधी तीनदा विचारत, "ही जागा कुणाची आहे का?" प्रत्येक वेळी उत्तरासाठी मनात पाच आकडे मोजत. हजामाच्या दुकानात खुर्ची एकच, तीही रिकामी. तरी विचारणा तीनदाच. मी घड्याळ लावून पाहिलंय, वीस सेकंद जात. हजाम वैतागे, "बैठो भी, मीरसाब! दाढी अजून वाढली!"

उस्मानपुऱ्यात ते माझे शेजारी. शाळेत विज्ञान शिकवत आणि घरी परवान्याचं वायरलेस चालवत. सवय तिथली. हवेत बोलायचं तर आधी रिकामी जागा शोधावी लागते. दोघं एकाच ठिकाणी बोलले की कानात नुसती शिट्टी. "पंडतजी, आधी कान, मग जबान," ते मला बजावत.

हवेतली त्यांची जागा म्हणजे रेडिओच्या तबकडीवरचा एक आकडा, सात हजार ब्याऐंशी किलोसायकल. ती ठरे नखाएवढ्या स्फटिकाच्या चकतीवरून. काचेवर बारीक पूड टाकून ती चकती चंदनासारखी उगाळायची. एक आकडा सरकायला एक संध्याकाळ. आमच्या ओसरीवरच्या दिव्याला लागते तेवढ्या विजेवर त्यांचा आवाज रंगूनला पोचे. नकाशावर ते अंतर मी तीनदा मोजलं, तरी पटेना.

रंगूनला दातांचे एक डॉक्टर होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण रोज दिवेलागणीला, मगरिबच्या नमाजनंतर, अर्धा तास गप्पा. मीरसाहेबांची दाढ दुखली, तर लवंग कुठं धरायची तेही तिकडूनच कळे.

मग लढाई आली. सरकारनं यंत्राला सील ठोकलं. तिकडे रंगून जपान्यांच्या हाती पडलं. लढाई संपून परवाना परत मिळाला, त्याच दिवशी मीरसाहेब आपल्या जागेवर हजर. डॉक्टर नव्हते. आठ महिने झाले, तरी नव्हते. त्यात शेजारच्याच आकड्यावर एक परदेशी स्टेशन येऊन शिट्टी घालू लागलं.

एका संध्याकाळी त्यांच्या यंत्रापाशी बसून मी म्हटलं, "चकती थोडी उगाळा ना. वर शांत जागा मिळेल."

"उगाळली की आकडा वर चढतो, पंडतजी. परत खाली येत नाय. डॉक्टरसाब मला इथंच शोधणार."

तेवढ्यात त्या शिट्टीतून एक अनोळखी आवाज आला. ही जागा रिकामी आहे का, असं इंग्रजीत विचारत होता. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

मीरसाहेबांनी खटका दाबला आणि अदबीनं सांगितलं, माफ करा, इथं एक गृहस्थ बसलेत.

तो आवाज निघून गेला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. अकरा मिनिटं मी मोजली. पुढं घड्याळ खिशात ठेवलं.