काकाजी ट्रॅक्टर बघतात

दशरथ काकाजी ट्रॅक्टर बघायला निघाले की बंडीच्या खिशात लोहचुंबक टाकत. दुकानात शिरले की रामराम नाही, काही नाही, थेट बॉनेटला चुंबक. चिकटला की "हं". नाही चिकटला की दुकानदाराकडे अशी नजर, की त्या बिचाऱ्याला आपण खरंच काहीतरी चोरलंय असं वाटावं. पांढुर्ण्याच्या दुकानात चुंबक एका जागी चिकटेना.

"बापू, हे पाह्य. इथं लोखंडच नाही! धोका!" ते मला म्हणाले.

"काकाजी, ते रेडिएटर हाय. ते पितळेचंच असते," दुकानदार म्हणाला.

"मंग जाळीच्या मांगं लपवून काहून ठेवलं?"

याला काय उत्तर देणार? मलाही सुचलं नाही, आणि मी सौंसरच्या सरकारी कचेरीतला बाबू. उत्तर नसताना बोलत राहणं हेच आमचं काम.

काकाजी तिगावात माझ्या शेजारी राहत. माझा गुन्हा एवढाच की माझ्याकडे फटफटी होती. ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या दिवसांत गावात फटफट्या मोजक्याच, त्यामुळे दर रविवारी हा ताडमाड माणूस माझ्या मागे बसून कानात ओरडत असे, "हळू घे! हा रस्ता ठेकेदारानं बनवला हाय!"

संशय हा त्यांचा श्वास होता. स्टेशनवरचं घड्याळ खरं की खोटं हे ते गाडी आल्यावर ठरवत, आणि गाडी वेळेवर आली तर गाडीवरच संशय घेत. कुणाकडे चहा जरा गोड झाला की कप खाली ठेवून विचारत, "काय काम हाय?" आणि सगळ्याच्या शेवटी एकच वाक्य, "काहीतरी गडबड हाय, बापू."

पण ट्रॅक्टरची निकड खरी होती. त्यांच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात गेला, दुसरा म्हातारा झालेला. काकाजींचे गुडघे तर बैलाच्याही आधी गेले होते. संत्र्याच्या बगिच्यात तण कमरेएवढं वाढलं होतं. पावसाळ्याआधी नांगरट झाली नाही तर बगीचा ठेक्यानं दुसऱ्याच्या हाती द्यावा लागणार, हे अख्ख्या गावाला दिसत होतं. काकाजींची बायको अंजनाकाकू मला दारात गाठून म्हणायची, "बापू, काही करा अन् यायले एक ट्रॅक्टर पसंत करू द्या."

पसंत कसा पडणार? चुंबकातून ट्रॅक्टर सुटला की काकाजी हातातली काठी काढत. ही काठी ते घरूनच मापून आणत. ती मागच्या दोन चाकांवर आडवी धरत, मान हलवत आणि म्हणत, "लय रुंद."

रामाकोन्याचा एजंट म्हणाला, "काकाजी, चाकं उलटी बसवली की आत येते, रुंदी कमी होते."

"आज आत घेशीन, उद्या माह्या पाठीमागं बाहेर काढशीन!"

नांगरावर त्यांचा राग नव्हता. नांगर जमिनीत जातो, लबाडी करायला त्याला वेळ नाही. ट्रॉली मात्र फुकट दिली तरी नको. "ट्रॉली घेतली की गावातलं हरेक लगन माह्याच ट्रॉलीत बसून जाईन. अन् डिझेल? ते काय नवरदेव टाकते?"

मी वैतागलो होतो. रविवार गेले, पेट्रोल गेलं, बायको बोलेनाशी झाली. शेवटी सौंसरच्या एका दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, "सगळ्यात लहान ट्रॅक्टर तुमच्या बगिच्यात घेऊन येतो. चालवून पाहा. पण तो चुंबक घरी ठेवा."

ट्रॅक्टर आला. दुकानदार स्वतः चालवत होता. काकाजी पुढे उलटे चालत, एकेका फांदीला हाताने आवरत. एक ओळ झाली, दुसरी झाली, माती कशी भुसभुशीत उलटत होती! काकू हसत हसत चहा घेऊन आली. मी मनात म्हटलं, सुटलो बुवा.

आणि विहिरीकडच्या ओळीशी ट्रॅक्टर अडला. तिथे झाडं शेजारच्या ओळीला एवढी खेटून, की फांदीत फांदी गुंतलेली. काकाजींची काठी या दोन ओळींमधल्या फटीच्याच मापाची होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

दुकानदार उतरला. "काकाजी, ही लाइन कोण्या अडाण्यानं लावली? काढून फेका ना! मंग तं मोठा ट्रॅक्टरही मजेत जाते."

काकूने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"म्या लावली," काकाजी गरजले. "माह्या बगिच्यात म्या कशीही लावीन. तुले काय करा लागते? चाल, काढ तुहा डब्बा!"

दुकानदार चहा न पिताच गेला. काकू तिथेच बांधावर बसली.

"यायनं नाही लावली, बापू," ती मला म्हणाली. "म्या लावली. हे त्या साली बिमार होते. कलमा येऊन पडल्या होत्या. हे पावलानं मोजत, तं म्याही पावलानंच मोजलं. तेवढेच पाऊल टाकले. माहे पाऊल लहान पडते, हे ध्यानातच नाही आलं." तिने पदर डोळ्यांना लावला. "दवाखान्यातून आल्यावर हे म्हनले, मस्त लावली. इतके वर्स मले वाटत होतं, मस्तच हाय."

मग काकाजींकडे वळून म्हणाली, "काढून टाका ती लाइन. ट्रॅक्टर घ्या."

"तू घरात जाय," काकाजी म्हणाले. ती गेली. ते माझ्याशेजारी बांधावर बसले.

"ट्रॅक्टर घेतो मी. हाच घेतो. उद्या नेशीन मले सौंसरले. तेवढ्या लाइनीत पावडं मारीन."

मी चिडलोच. "काकाजी, गुडघे पाहा तुमचे! एका ओळीसाठी जन्मभर फावडं मारणार तुम्ही?"

काकाजींनी त्या गुंतलेल्या फांद्यांकडे बोट केलं.

"बापू, त्या साली नागपूरच्या डॉक्टरनं हात टेकले होते. सख्ख्या भावानं इकडे लाकडाची सोय लावून ठेवली होती. मी वापस येतो, असा गावात कोणालेच भरोसा नव्हता. मलेही नव्हता. अन् हे बाई इथं एकटी पावलं मोजून राहिली होती. कलम लावल्यावर संत्रा लागाले किती वर्स जाते, तुले तं मालूम हाय. मरणाऱ्या माणसासाठी कोणी संत्रा लावते का?"