धाकटीबाईंनी धावपट्टी काबीज केली त्याची हकीकत

वारा अनुकूल असो, ढग दूर असोत, इंधनाची टाकी भरलेली असो. धाकटीबाई परमुलखी जाऊन एकट्या विमान कैशा उडवित्या जाहल्या, ही हकीकत साद्यंत लिहून ठेवावी, ऐसी आज्ञा घरच्या वडील मंडळींची जाहली. त्याजवरून बखरकाराने जे ऐकिले, जे पाहिले आणि जे थोडके पदरचे घातले, ते एकत्र करून लिहिले आहे. अधिक-उणे जाहले असल्यास वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

धाकटीबाई म्हणजे घराण्याचे शेंडेफळ. मातापिता नोकरीच्या मोहिमेवर सदा बाहेर, सबब त्यांच्या संगोपनाचा अवघा कारभार आत्याबाईंचे हाती होता. आत्याबाई पेशाने शिवणकाम करीत, आणि त्यांची कात्री जैसी धारदार तैसीच शिस्त. त्यांचा दस्तुर ऐसा की मोठे माणूस दिसताच लहानाने बाजूस व्हावे. जिन्यावर, जेवणाचे मेजावर, दुकानातील रांगेत, तसबीर काढतेसमयी देखील मोठ्यांचा मान आधी. धाकटीबाई चुकून पुढे सरसावल्या की आत्याबाई मागून त्यांचे फ्रॉकचा घेर मुठीत धरीत, आणि "मागे हो, मोठ्यांना जाऊ दे" एवढेच बोलून ओढीत. ओढून ओढून मागील शिवण उसवे, मग आत्याबाईच ती शिवून देत. ऐसे दोन्ही खाती त्यांचेच राज्य होते.

ऐशा तालमीत वाढलेल्या धाकटीबाईंनी एके दिवशी वैमानिक होण्याचा मनसुबा जाहीर केला, आणि घरात एकच हलकल्लोळ माजला. थोरले काका, ज्यांस जत्रेतील पाळण्यात बसले तरी घेरी येत असे, त्यांनी हवेचे धोके विस्तारे कथन केले. मातोश्रींनी डोळ्यांस पदर लाविला. आणि मग सर्वांनी आत्याबाईंकडे पाहिले. आत्याबाईंनी टेप काढून धाकटीबाईंचे खांद्याचे माप घेतले. मसलत तेथेच संपली. पुढे त्यांनी पांढरेशुभ्र सदरे शिविले, आणि विमानात बसता-वाकता पाठ उघडी पडू नये म्हणोन ते मागून चांगले लांब ठेविले. निरोपाचे समयी त्यांनी आज्ञा केली की वेळेवर जेवावे, कान झाकावे आणि मोठ्यांचा मान राखावा.

मग धाकटीबाई मजल दरमजल करीत, दोन ठिकाणी विमाने बदलून आणि एके ठिकाणी सामान हरवून, परमुलखी दाखल जाहल्या. तेथे पत्र्याचे मोठे गोदाम, त्यात लहान विमानांचा तबेला, आणि त्याचे पुढे एक धावपट्टी, ऐसा शाळेचा थाट होता. उस्ताद म्हणून जो सरदार नेमिला होता, तो देहाने भरभक्कम, मिशांनी मातब्बर आणि बोलण्यात महाकंजूष. मर्जी बहाल असली की तो एक भुवई उचली, खप्पा जाहली की दोन्ही.

धाकटीबाईंनी मेहनतीची शर्थ केली. पहाटे उठून विमानाचे तेल पाहावे, इंधनात पाणी तर नाही ना म्हणोन थेंब काढून उजेडास धरावे, मग खोलीवर येऊन खुर्चीत बसावे आणि जेवणाची थाळी सुकाणू मानून भिंतीवर विमान चालवावे. चढणे, वळणे, इंजिन बंद पडल्याचे सोंग करून खाली येणे, ऐसे एकेक ठाणे त्यांनी सर केले आणि उस्तादाची भुवई वरचेवर उठू लागली. परंतु किल्ला कितीही मजबूत असला तरी एक चोरदिंडी राहतेच, तैसे येथे जाहले.

ते ऐसे की या मैदानास विमानांचे नियंत्रण करणारा बुरूज नव्हता, आणि बुरुजावरून हुकूम देणारेही कोणी नव्हते. जो तो रेडिओवर आपला ठाव जाहीर करी, आणि कोणी आधी उतरावे हे आपसांत समजून घेई. त्याच मैदानी एक वृद्ध गृहस्थ आपले पिवळे विमान हौसेने उडवीत. धाकटीबाईंनी मनोमन त्यांस पिवळे आजोबा ऐसा किताब दिला होता. आजोबांचा कापरा आवाज रेडिओवर येताच, दारात वडीलधारे माणूस पाहून खुर्ची सोडावी, तैसी धाकटीबाईंनी धावपट्टी सोडली. पट्टी नाकासमोर असता त्यांनी विमान पुन्हा वर नेले आणि त्या मुलखाच्या भाषेत अर्ज केला की, आधी आपण उतरावे.

पण आजोबाही खानदानी. त्यांनी उलट टपाली कळविले की शिकाऊ पाखरास आधी घरटे द्यावे, आम्ही मागाहून येतो. धाकटीबाईंनी नकार दिला, आजोबांनी आग्रह धरिला, आणि उभयता एकमेकांस मान देत देत मैदानापासून ऐसे दूर गेले की पट्टी दिसेनाशी जाहली. मागे शेतांवर औषध फवारणारा एक वैमानिक अडकून पडला होता. त्याने रेडिओवर जे उद्गार काढिले ते लिहिण्याजोगे नाहीत. हाच प्रकार पुढे नित्याचा जाहला. उस्ताद शेजारी बसून सर्व पाही आणि दोन्ही भुवया वर ठेवी.

अखेर त्याने धाकटीबाईंस गोदामात बोलाविले आणि शाळेचा कायदा ऐकविला: धुक्याचा मोसम लागण्यापूर्वी जो शागीर्द एकटा उडणार नाही, त्यास घरी रवाना करावे. मग च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन तो बोलिला, "हवेत थोरला-धाकटा नसतो. जो पट्टीच्या जवळ आणि खाली, तो आधी. तू सोडलीस तर मागचा गोंधळतो, आणि गोंधळात माणसं मरतात."

धाकटीबाई कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन, यंत्राच्या घरघरीत कोणास ऐकू जाऊ नये ऐशा बेताने रडल्या. विमान त्यांस येत होते. पुढे होणे येत नव्हते. परत गेल्यास थोरले काका सांत्वन करतील, ही धास्ती तर सर्वांहून मोठी. आत्याबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी सर्व क्षेम आहे ऐसे कळविले, आणि आत्याबाईंनी सदरे वेळेवर धुतेस ना, एवढीच पृच्छा केली.

पुढे मोसम तोंडावर आला असता एके सकाळी धुके विरळ होते आणि वारा सरळ. उस्तादाने एक फेरी करविली, विमान पट्टीच्या कडेस थांबवविले, आणि दार उघडून खाली उतरला. हातात छोटा रेडिओ घेऊन गवतात उभा राहिला आणि खूण केली की, निघ. धाकटीबाईंनी शेजारच्या रिकाम्या आसनाकडे पाहिले आणि इंजिनास पूर्ण जोर दिला. उस्तादाचे वजन उतरले असल्याकारणे विमान ऐसे उसळले की त्यांचे तोंडून हसू फुटले. शेतांचे चौकोन खाली सरकले, पत्र्याचे गोदाम काडेपेटीएवढे जाहले, आणि त्यांस जन्मात प्रथमच वाटले की येथे आपण कोणाचे वाटेत नाही.

मग त्या पट्टीकडे वळल्या, उतरू लागल्या, आणि नेमका कापरा आवाज आला. पिवळे आजोबाही उतरावयास आले होते. धाकटीबाईंस पाठीमागे सदरा ओढल्यागत जाहले. हात आपसूक जोराच्या दांड्याकडे गेला, की पुन्हा वर जावे. त्यांनी मागे वळून पाहिले. तेथे अग्निशामक नळकांडे सोडून कोणी नव्हते. खाली गवतात उस्ताद रेडिओ तोंडाशी धरून उभा, परंतु शब्द काढीना. तेव्हा धाकटीबाईंनी घसा साफ केला आणि, आजवर जे कोणत्याही मेजावर, जिन्यावर वा रांगेत उच्चारिले नव्हते, ते उच्चारिले.

"मी खाली आहे. मी आधी उतरते."

मग आजोबांनी कळविले की फार उत्तम. या मानपानापायी आपणांस रोज घरी जाण्यास उशीर होतो आणि बायकोस भलताच संशय येऊ लागला आहे. फवारणीवाल्यानेही आपल्या भाषेत अभिनंदन केले. धाकटीबाईंचे विमान पट्टीस एकदा टेकले, थोडे उडाले, पुन्हा टेकले आणि स्थिर जाहले. पहिले टेकणे इतिहासात धरू नये, ऐसी उस्तादाची शिफारस आहे.

त्या मुलखी जुना दस्तुर ऐसा की शागीर्द प्रथम एकटा उडून आला की उस्तादाने त्याचे सदऱ्याची मागील लांबण कात्रीने कापावी आणि शाळेच्या भिंतीस लटकवावी. कारण पुसता कळले की पूर्वीचे विमानात शागीर्द पुढे व उस्ताद मागे बसे, गोंगाटात बोलणे ऐकू न जाई, म्हणोन उस्ताद सदरा मागून ओढून इशारे करी. एकटा उडाला, म्हणजे ओढण्याची गरज उरली नाही. उस्तादाने सदरा कापिला, परंतु हात जड असल्याने वाकडातिकडा कापिला.

फोनच्या पडद्यावर अवघे घराणे जमले होते. काकांनी सावधगिरीने खुर्ची धरून विजयवार्ता ऐकिली. आत्याबाईंची नजर मात्र सदऱ्यावर गेली. त्यांनी पाठ फिरविण्याची आज्ञा केली, चष्मा लाविला आणि ऐसी कात्री कोणी चालविली याची चौकशी आरंभिली. धाकटीबाईंनी भीत भीत दस्तुराचे कारण सांगितले. आत्याबाईंचा हात पडद्याकडे आला, जणू जुन्या फ्रॉकचा घेर धरावयास, आणि मग तो त्यांनी मागे घेतला.

"वाकडं कापलंय," त्या म्हणाल्या. "पण बरं केलं. मी फार ओढलं गं तुला."

मग आत्याबाईंनी चष्मा पुसून टेप हाती घेतली आणि जाहीर केले की पुढील सदरे मागून आखूड शिवले जातील.

येणेप्रमाणे धाकटीबाईंनी धावपट्टी काबीज केली. कापलेला तुकडा शाळेच्या भिंतीवर कायम आहे, आणि त्याची शिवण कोठेही उसवलेली नाही, ऐसे उस्तादाने समक्ष पाहून सांगितले. हकीकत समाप्त.